शिक्का मारलेली पानं

डिसेंबर १९४०च्या सुरुवातीला बर्लिनमधला एक अमेरिकन बातमीदार स्वतःच्या सूटकेसी घेऊन आपणहून गेस्टापोच्या कचेरीत गेला. सामान इथेच तपासून मोहोर लावून द्या, म्हणजे विमानतळावर खोळंबा व्हायला नको, एवढीच त्याची विनंती होती. सूटकेस उघडल्यावर सगळ्यात वर जर्मन सेनेचे नकाशे निघाले. अधिकाऱ्यांनी ते ताबडतोब उचलले, त्याला दरडावलं आणि नकाशे जप्त केले. त्याने चुकल्यासारखा चेहरा केला. नकाशांच्या खाली टंकलिखित कागदांचा जाड गठ्ठा होता. ती त्याने रेडिओवर वाचलेली भाषणं होती, आणि त्यांवर लष्कराचे, परराष्ट्र खात्याचे, प्रचार खात्याचे शिक्के होते. एवढ्या वरच्या कचेऱ्यांनी मंजूर केलेली पानं उचकटून पाहायची गरज गेस्टापोला वाटली नाही. सूटकेसी बंद झाल्या आणि त्यांवर मोहोर लागली. टेम्पेलहोफ विमानतळावर त्या मोहोरेकडे बोट दाखवताच सामान पुढे गेलं.

त्या गठ्ठ्याखाली त्याची डायरी होती. सापडली असती तर त्याचं काय झालं असतं, ते सांगायला नको.

बातमीदाराचं नाव विल्यम शायरर. ही हकीकत त्यानेच पुढे आपल्या आठवणींत सांगितली आहे, तेव्हा तिला थोडी कथाकाराची झिलई असणार हे गृहीत धरूनच मी ती वाचते. तरीही ती माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचं कारण डायरी नाही. डायरी जगाला ठाऊक आहे. मला पडलेला प्रश्न वरच्या गठ्ठ्याबद्दलचा आहे. जी पानं फक्त झाकण म्हणून वापरली गेली, त्यांत काय होतं? गेली दोनेक वर्षं मी त्यातल्या काही पानांचा मराठी अनुवाद करायच्या प्रयत्नात आहे. शायररच्या मृत्यूनंतर, १९९९मध्ये, ती ‘धिस इज बर्लिन’ या नावाने पुस्तकरूपात आली. अनुवाद अजून पुरा झालेला नाही, आणि तो का अडला हे सांगितल्याशिवाय या माणसाच्या कारकिर्दीबद्दल मला नीट काही सांगता येईलसं वाटत नाही.

मराठी वाचकाला शायरर एका जाडजूड इतिहासग्रंथाचा लेखक म्हणून माहीत असतो. ‘द राइज अँड फॉल ऑफ द थर्ड राइख’, १९६०. आपल्याकडे अनेकांची या काळाशी पहिली गाठ वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’मधून पडली, मग कुणी शायररकडे वळलं, कुणी नाही. पण ग्रंथकार शायरर हा दुसरा जन्म. पहिल्या जन्मी तो रेडिओचा माणूस होता, आणि त्याआधी वर्तमानपत्राचा. या वर्तमानपत्री काळातला एक तुकडा आपल्या देशात गेला.

शिकागोत १९०४ साली जन्म, लहानपणी वडील गेले, आयोवातल्या सीडर रॅपिड्स या गावात वाढला, तिथल्याच को कॉलेजातून १९२५मध्ये पदवी. गुरं वाहून नेणाऱ्या बोटीवर काम करत अटलांटिक ओलांडला आणि पॅरिसमध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या कचेरीत चिकटला. १९३० साली ट्रिब्यूनने त्याला हिंदुस्थानात पाठवलं. ट्रिब्यूनचे मालक कर्नल मॅकॉर्मिक हे इंग्रजद्वेष्टे, त्यामुळे इंग्रजांच्या साम्राज्याला घोर लावणाऱ्या गांधींमध्ये त्यांना भलताच रस. शायरर आला तेव्हा गांधीजी पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९३१च्या अखेरीस ते सुटले, आणि त्यानंतर दिल्लीत, गांधी-आयर्विन वाटाघाटींच्या दिवसांत, डॉ. अन्सारींच्या घरी शायररची त्यांच्याशी ओळख झाली. त्याच वर्षी शरद ऋतूत गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले, तेव्हाही हा तिथे होता. १९७९मध्ये त्याने गांधीजींवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या सगळ्या लेखनात ते मला सर्वात मोकळं वाटतं.

लंडनच्या त्या मुक्कामातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. किंग्जली हॉलमधून गांधीजींचं भाषण अमेरिकेत रेडिओवरून थेट ऐकवायचं होतं. मायक्रोफोन समोर आला तेव्हा गांधीजींनी विचारलं, यात बोलायचं का? तोवर मायक्रोफोन सुरू झाला होता, आणि अमेरिकेने गांधीजींचा ऐकलेला पहिला उद्गार तोच. नंतर ते बोलले ते त्यांच्या नेहमीच्या संथ, खालच्या पट्टीत, हातवारे नाहीत, चढउतार नाहीत. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९३४मध्ये, शायररने न्यूरेम्बर्गच्या मेळाव्यात हिटलरला ऐकलं. या दोन माणसांना इतक्या जवळून ऐकलेले बातमीदार फार नसतील. आवाजाने माणसांचं काय होतं, आणि आवाज न चढवताही काय होतं, हे त्याने दोन्हीकडे पाहिलं होतं.

त्याचा स्वतःचा आवाज मात्र रेडिओसाठी टाकाऊ होता.

१९३७च्या ऑगस्टमध्ये तो बर्लिनमध्ये बेकार झाला. ट्रिब्यूनने त्याला १९३२मध्येच काढलं होतं. त्याच वर्षी आल्प्समध्ये स्कीइंग करताना एका डोळ्याची दृष्टी गेली होती. आता ज्या वृत्तसंस्थेत तो होता ती बंद पडली, आणि बायकोला दिवस गेलेले. अशा वेळी एडवर्ड मरो याची तार आली: आडलॉन हॉटेलात जेवायला भेटू. (मराठीत हे आडनाव लिहिताना मला दर वेळी कसंसंच होतं, पण उच्चार तोच आहे, इलाज नाही.) मरो सीबीएस या अमेरिकन रेडिओ कंपनीचा युरोपातला माणूस. त्याने नोकरी देऊ केली, फक्त न्यूयॉर्कच्या साहेबांना आवाज पसंत पडायला हवा होता. चाचणीच्या दिवशी मायक्रोफोन फार उंचावर बसवलेला निघाला. तो खाली करता येईना, म्हणून शायररला एका खोक्यावर चढवण्यात आलं आणि पाय लोंबकळत ठेवून त्याने वाचलं. पातळ, किरटा, घाबरलेला आवाज न्यूयॉर्कला पोचला. तिथे कुणालाच तो आवडला नाही. मरोने हट्ट धरला म्हणून नोकरी मिळाली.

तशी त्या आवाजाची गरजही नव्हती. सीबीएसच्या माणसांनी स्वतः बोलायचंच नाही, दुसऱ्यांना बोलतं करायचं, अशी तेव्हाची रीत. एखादा मंत्री आणायचा, एखादा वार्ताहर गाठायचा, नाहीतर लहान मुलांचं समूहगान ठरवायचं. युरोप पेटायच्या बेतात असताना हे दोघे शाळकरी मुलांच्या गाण्यांच्या व्यवस्था लावत हिंडत होते.

मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा मरो एका कार्यक्रमाच्या कामाने पोलंडमध्ये होता. शायरर व्हिएन्नातच होता आणि त्याची बायको त्याच शहरात अवघड बाळंतपणानंतर इस्पितळात पडून होती. डोळ्यांदेखत शहर हातातून जात होतं. रेडिओ केंद्रावर मात्र संगिनी रोखलेले पहारेकरी, आत सोडायला तयार नाहीत. मरोने फोनवरून सुचवलं, तू लंडनला जाऊन तिथून बोल, मी तुझ्या जागी व्हिएन्नाला येतो. आजारी बायको आणि काही दिवसांची मुलगी मागे ठेवून शायररने विमान पकडलं आणि लंडनहून डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. तिथे सेन्सॉर नव्हता. दुसऱ्या दिवशी, १३ मार्चला, न्यूयॉर्कने मागणी केली: आज रात्री लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, व्हिएन्ना, सगळीकडून अर्धा तास थेट बातम्या हव्यात. हातात फक्त काही तास, त्यात रविवार, सगळ्या कचेऱ्या बंद. फोनवर फोन करून, प्रत्येक शहरातल्या तंत्रज्ञाला गाठून, सेकंदाच्या हिशोबाने घड्याळं जुळवून ते दोघांनी घडवून आणलं. रोमची लाइन मिळालीच नाही. तिथल्या वार्ताहराचा मजकूर फोनवरून उतरवून घेऊन शायररने लंडनहून वाचला. आज जगातलं कुठलंही बातम्यांचं चॅनल लावलं की चार शहरांतली चार माणसं एकामागून एक बोलताना दिसतात. त्या रीतीचा आरंभ त्या रविवारच्या रात्री झाला, आणि रीत पडली तीही नाइलाजातून.

इथून पुढे शायरर स्वतः बोलू लागला. सप्टेंबर १९३९पासून तो युद्धकाळच्या बर्लिनमधून बोलत होता, आणि खरी गोष्ट या पंधरा महिन्यांची आहे.

काम कसं चाले ते पाहू. दिवसभर परराष्ट्र खात्याच्या आणि प्रचार खात्याच्या पत्रकार परिषदा, जर्मन वर्तमानपत्रं, रस्त्यावर जे दिसेल ते. मग पान टंकलिखित करायचं आणि तीन सेन्सॉरांपुढे ठेवायचं: एक लष्कराचा, एक परराष्ट्र खात्याचा, एक प्रचार खात्याचा. ते शब्द खोडत, वाक्यं उडवत, कधी अख्खं पानच परत करत. तिघांनी मान्य केलेलं पान घेऊन, ब्लॅकआउटच्या मिट्ट काळोखात, आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या स्टुडिओत जायचं. १९४०च्या ऑगस्टअखेरीपासून इंग्रज विमानं बर्लिनवर येऊ लागली, तेव्हा हे अंतर विमानविरोधी तोफांच्या कपच्या चुकवत पळत काटावं लागे. अमेरिकेतल्या संध्याकाळच्या बातम्या म्हणजे बर्लिनची मध्यरात्र उलटलेली. आधी ध्वनिमुद्रण करून ठेवता येत नसे, कारण अमेरिकन कंपन्यांचा नियमच होता की बोलणं थेट हवं. मंजूर पानाबाहेरचा शब्द उच्चारायची सोय नव्हती. तो उच्चारला तर लाइन तोडता येत असे.

शब्दांवरचे निर्बंध मोठे मासलेवाईक होते. पोलंडवर चाल केली त्याला ‘प्रतिहल्ला’ म्हणायचं. डेन्मार्क आणि नॉर्वे घेतले ते ‘संरक्षणासाठी’. ‘आक्रमण’ हा शब्द चालत नव्हता. पुढे पुढे तर ‘नाझी’ हा शब्दही सेन्सॉरला खुपू लागला, अमेरिकन कानाला तो वाईट लागतो म्हणून. हवाई हल्ला चालू असताना बोलायची वेळ आली तर ओठांना टेकवायचा खास मायक्रोफोन पुढे केला जाई. त्यातून फक्त बोलणाऱ्याचा आवाज जातो, मागचे धमाके जात नाहीत. म्हणजे पान तर साफ केलेलंच, आता हवासुद्धा साफ.

छापील वर्तमानपत्राला सेन्सॉरने गाठलं तर निदान कोरी जागा सोडता येते. आणीबाणीत जून १९७५मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, आणि वाचकांना ती बरोबर वाचता आली. रेडिओवर कोरी जागा सोडता येत नाही. तिथे शांतता पसरली की ऐकणाऱ्याला वाटतं, लाइन गेली.

मग शायररने काय केलं, ते त्याने डायरीत नोंदवून ठेवलं आहे. पान मंजूर होऊ द्यायचं आणि ते वेगळ्या सुरात वाचायचं. अधिकृत थाप आली की आवाजाला किंचित वळण द्यायचं. नैसर्गिक वाटेल त्याहून जरासा जास्त थांबायचं. इंग्लंडात इंग्रजी शिकलेल्या जर्मन सेन्सॉरला न कळणारा एखादा अमेरिकन बोलीतला शब्द पेरायचा. आणि दोन निरुपद्रवी वाक्यं अशी शेजारीशेजारी ठेवायची की त्यांनी एकमेकींचं पितळ उघडं पाडावं. सेन्सॉर वाक्यावाक्याने वाचतो. दोन वाक्यांच्या मधल्या जागेवर त्याला शिक्का मारता येत नाही.

ज्या किरट्या आवाजापायी नोकरी जायची होती, त्याच्याकडूनच आता हे काम होऊ लागलं. भारदस्त, घोटीव आवाजात वळणं ऐकू आली असती का, मला शंका आहे. घोटीव आवाज प्रत्येकच वाक्याला वजन देत असतो.

आणि माझा अनुवाद इथेच अडला.

मला मिळतं ते पान. त्यातल्या कित्येक प्रक्षेपणांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. काहींचा मिळतो, पण तो अपवाद. म्हणजे सेन्सॉरच्या पुढ्यात जे होतं तेच माझ्या पुढ्यात आहे, नेमकं तेवढंच. अमेरिकेतल्या श्रोत्याला जे पोचत होतं ते मला पोचत नाही. आणि मराठीत एक शब्द आहे, ज्याने माझी पंचाईत केली आहे. तो म्हणजे ‘म्हणे’.

समजा, पानावर असं वाक्य आहे की अधिकृत सूत्रांनुसार अमुक शहरावर बाँब पडलेच नाहीत. मी लिहू शकते: “या शहरावर बाँब पडले नसल्याचं अधिकृत सूत्रांनी सांगितलं.” किंवा मी लिहू शकते: “या शहरावर म्हणे बाँब पडलेच नाहीत.” पहिलं वाक्य आकाशवाणीचं. ‘सांगण्यात आलं’, ‘करण्यात आलं’ असं कर्त्याला पडद्याआड बसवणारं हे मराठी ऐकतच आमची पिढी मोठी झाली. दुसरं वाक्य ओट्यावरचं, बसथांब्यावरचं. ते ऐकलेली बातमी सांगतं आणि त्याच दमात तिच्यावरचा हात काढून घेतं. शायरर आवाजाने जे करत होता ते मराठीत हा एक शब्द करतो. कोकणीत ‘खंय’ आहे, कन्नडमध्ये ‘अंते’, तेलुगूत ‘अट’, तमिळमध्ये क्रियापदाच्या शेपटाला लागणारा ‘आम्’. आपल्याकडच्या भाषांनी ऐकीव गोष्टीसाठी व्याकरणातच एक कोनाडा करून ठेवला आहे. इंग्रजीत तो कोनाडा नाही, म्हणून शायररला घशाचा आधार घ्यावा लागला.

पहिल्या मसुद्यात मी ‘म्हणे’ सढळ हाताने वापरला. वाचायला फार छान झालं. जर्मनमधून अनुवाद करणाऱ्या एका मैत्रिणीला तो दाखवला. तिने चारपाच पानं वाचली आणि म्हणाली, “अगं, हे पान सेन्सॉरने पास केलं असतं का?”

नसतं केलं. पहिल्याच ‘म्हणे’वर पेन्सिल फिरली असती. शायररचं सगळं कसब असं होतं की पानावर काहीही दिसू नये. मी जे पानावर आणलं ते त्याने जिवाच्या कराराने पानाबाहेर ठेवलं होतं. उलट मी ‘सांगण्यात आलं’ लिहीत गेले, तर मराठी वाचकाच्या हाती प्रचार खात्याचं एक बरं पत्रक पडतं, आणि अशी पत्रकं वाचणारा हा माणूस हिटलरचा भाट होता की काय, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. एका मसुद्यात आवाज आहे पण तो माझा अंदाज आहे. दुसऱ्यात पुरावा आहे पण तो मुका आहे.

आणि माझा अंदाज चुकलेला असू शकतो, हा यातला टोचणारा भाग. कुठल्या वाक्यावर तो थांबला, कुठलं सरळ वाचून गेला, मला काय ठाऊक? सगळीच अधिकृत वाक्यं त्याने उपरोधाने वाचली असतील असं नाही. मे-जून १९४०मध्ये तो जर्मन फौजांच्या मागोमाग बेल्जियम आणि फ्रान्समध्ये गेला, तेव्हा त्या सेनेच्या शिस्तीने आणि वेगाने तो खराखुरा थक्क झाला होता. तिथे ‘म्हणे’ घातलं तर ते खोटं ठरेल. नंतर आपल्याला जे कळलं ते तेव्हाच्या माणसाच्या तोंडी घालणं सोपं असतं.

खुद्द शायररलाही तो मोह झाला. ‘बर्लिन डायरी’ १९४१च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली आणि धडाधड खपली. पुढे अभ्यासकांनी मूळ हस्तलिखित आणि छापील पुस्तक शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा दिसलं की बराच मजकूर छापण्याआधी नव्याने लिहिलेला आहे, आणि हिटलरबद्दलची सुरुवातीची मतं नंतरच्या शहाणपणाच्या उजेडात बदललेली आहेत. ज्यासाठी एवढी जोखीम घेतली, ती डायरी अशी दुरुस्त झालेली. आणि झाकण म्हणून टाकलेली, सेन्सॉरने छाटलेली पानं मात्र जशी होती तशी, त्या त्या रात्रीच्या तारखेसह. त्या रात्री अमेरिकेत नक्की काय ऐकू गेलं याला आधार त्याच पानांचा. म्हणून इतिहासाचा विद्यार्थी असेल तर त्याला मी डायरीआधी ती वाचायला सांगेन, त्यात कितीही खोट असली तरी.

कॉम्पिएन्यचा प्रसंग सांगायला हवा, कारण त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी बातमी तीच, आणि ती सेन्सॉरच्या हातून अपघाताने निसटली. जून १९४०. फ्रान्स कोसळला होता. १९१८मध्ये जर्मनीने ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धविरामावर सही केली, तोच डबा संग्रहालयाची भिंत फोडून बाहेर काढून पूर्वीच्या जागी उभा केला होता. २१ तारखेला हिटलर आला. शायररने दुर्बिणीतून त्याचा चेहरा पाहिला आणि त्यावरचा तिरस्कार, सूड, विजय हे सगळं टिपलं. २२ तारखेला सही. बातमी आधी बर्लिनहून जाहीर व्हावी म्हणून परदेशी पत्रकारांना विमानाने बर्लिनला परत न्यायचा हुकूम होता. शायरर एका जर्मन अधिकाऱ्याच्या मदतीने मागे राहिला. जंगलातल्या त्या मोकळ्या जागेतून त्याने अर्धा तास वर्णन केलं. ते बर्लिनला नोंदवून ठेवून नंतर सोडायचं होतं. बर्लिनमध्ये कुणीतरी चुकीचा खटका दाबला आणि ते सरळ न्यूयॉर्कला गेलं. अधिकृत घोषणेच्या काही तास आधी अमेरिकेला कळलं की फ्रान्सने सही केली. शायररला स्वतःला ते दुसऱ्या दिवशी समजलं.

तोवर सेन्सॉर शहाणे झाले होते. वॉशिंग्टनमधला जर्मन वकिलातीचा माणूस रेडिओ ऐकत असे, आणि त्याने बर्लिनला कळवलं की हा मनुष्य फार काही खपवून नेतो आहे, याला आवरा. म्हणजे जो सूर बर्लिनच्या खोलीत बसून कुणाला ऐकू आला नाही, तो अटलांटिक ओलांडून गेला आणि तक्रार होऊन परत आला. मग अमेरिकेत वर्षं काढलेली, तिथली बोली जाणणारी माणसं सेन्सॉरच्या खुर्चीवर आली. त्यांना ती वळणं कळू लागली. बोलीतले शब्द गेले, शेजारशेजारची वाक्यं फोडली गेली. अधिकृत पत्रक वाचण्यापलीकडे काही उरलं नाही. त्यातच गेस्टापो त्याच्यावर हेरगिरीचा खटला रचते आहे अशी कुणकुण आली. नोव्हेंबरात त्याला मतिमंद आणि मनोरुग्णांच्या पद्धतशीर हत्यांचा सुगावा लागला होता. ते पानावर घेणं अशक्य, ते डायरीत गेलं. डिसेंबरात त्याने सूटकेसी भरल्या.

लिस्बनला मरो भेटायला आला. दोघांनी काही दिवस तिथे एकत्र काढले. मग शायरर बोटीने घरी गेला आणि मरो परत लंडनच्या बाँबवर्षावात.

यानंतरचं थोडक्यात. अमेरिकेत शायरर मोठा माणूस झाला. रविवारचा कार्यक्रम, चांगला पैसा. मार्च १९४७मध्ये कार्यक्रमाच्या प्रायोजकाने, दाढीचा साबण करणाऱ्या कंपनीने, हात काढून घेतला, आणि सीबीएसने त्याची वेळ बदलायचं ठरवलं. शायररचं म्हणणं, माझी मतं डावीकडची वाटतात म्हणून हे चाललंय. कंपनीचं म्हणणं, कामात ढिलाई आलीय. कंपनीच्या बाजूने बोलायला खुर्चीवर होता मरो, तेव्हा सीबीएसचा उपाध्यक्ष. या वेळी पानावर कुणाचा शिक्का नव्हता, कुणी शब्द खोडला नव्हता. शायररने राजीनामा दिला. दोष कुणाचा यावर चरित्रकारांचं एकमत नाही. मला दोघंही थोडे थोडे खरे वाटतात. १९५०मध्ये ‘रेड चॅनल्स’ या कम्युनिस्टशोधकांच्या यादीत त्याचं नाव आलं, आणि रेडिओची दारं बंद झाली ती झालीच. कॉलेजाकॉलेजांत व्याख्यानं देत त्याने संसार चालवला, आणि त्या रिकाम्या वर्षांत जप्त जर्मन दफ्तरांमध्ये बसून तो हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला. सीबीएसने काढलं नसतं तर तो लिहून झाला असता का?

माझ्या टेबलावर आता दोन्ही मसुदे आहेत. सध्या मी तिसरा करते आहे: मजकूर ‘सांगण्यात आलं’च्याच भाषेत, जसा शिक्का मारून निघाला तसा, फक्त वाक्यांचा शेजार कुठेही न मोडता. दोन वाक्यांची सांगड घालणारं ‘आणि’, ‘त्यामुळे’, ‘मात्र’ यांतलं काही मी घालत नाही, मराठी कितीही खडबडीत झालं तरी. ‘म्हणे’ एकाच ठिकाणी राहू दिलं आहे, जिथे ध्वनिमुद्रण मिळालं आणि तो थांबला ते मी कानांनी ऐकलं.

मरो आणि शायरर यांचं भांडण मिटलं नाही. १९६४च्या उन्हाळ्यात मरो, फुप्फुसाच्या कर्करोगाने खंगलेला, शायरर पतिपत्नींना पॉलिंगच्या आपल्या शेतावर बोलावून घेतो. शायररने लिहिलंय की मरो त्याला शेत दाखवायला म्हणून घेऊन गेला आणि मध्येच जुना विषय काढू पाहिला. शायररने विषय बदलला. थोड्या वेळाने मरोने पुन्हा प्रयत्न केला. शायररने पुन्हा दुसरंच काही काढलं. मग दोघं घराकडे वळले, बायका वाट पाहत होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये मरो गेला. शायरर त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगला.